डी-२ पोलादाच्या पंच-डायला अतिशीत प्रक्रिया कशी द्यावी

प्रेस टूलचा पंच, म्हणजे डाय या खालच्या साच्यात शिरून पत्रा कापणारे हत्यार, अपेक्षेपेक्षा लवकर बोथट होऊ लागला, की टूलरूममध्ये पहिला संशय पोलादावर घेतला जातो आणि दुसरा हार्डनिंग करणाऱ्यावर. अशा वेळी कोणीतरी द्रव नायट्रोजनचे नाव काढतो: उणे १९६ अंश सेल्सिअसला एक-दीड दिवस ठेवले की हत्यार दुप्पट चालते, असे सांगितले जाते. या सांगण्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. अतिशीत प्रक्रिया हा उष्णतोपचारावर चढवायचा वेगळा मुलामा नसून उष्णतोपचाराचीच राहून गेलेली एक पायरी आहे. ती हार्डनिंग (तापवून झपाट्याने थंड करून पोलाद कठीण करणे) आणि टेम्परिंग (नंतर पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करणे) यांच्या मध्ये, योग्य क्रमाने आणि योग्य गतीने बसवली तरच तिचा उपयोग होतो. क्रम चुकला तर चांगल्या डायला तडा जातो, आणि मूळ हार्डनिंगच चुकलेले असेल तर कितीही थंडी दिली तरी ते सुधारत नाही.

पुढील सर्व विवेचन मुख्यतः डी-२ पोलादाच्या पंच-डायसाठी आहे. भोसरी, अंबड किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत यालाच सरसकट एचसीएचसीआर (हाय कार्बन हाय क्रोमियम) म्हणतात. त्याच नावाखाली डी-३ हे पोलादही विकले जाते. डी-२ मध्ये सुमारे दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असून त्याशिवाय मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम असते, तर डी-३ मध्ये कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो. हार्डनिंगचे तापमान आणि ठिसूळपणा या दोन्ही बाबतींत हे दोन पोलाद वेगळे वागतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी सळईबरोबर आलेले चाचणी प्रमाणपत्र पाहून नेमका कोणता दर्जा हातात आहे याची खात्री करून घ्यावी.

थंडीने पोलादात काय बदलते

आपल्याकडे लोहार विळ्याला किंवा छिन्नीला पाणी देतो, तेव्हा तापलेल्या पोलादातील ऑस्टेनाइट ही रचना झपाट्याने थंड होऊन मार्टेन्साइट या कठीण रचनेत बदलते. हा बदल एका तापमानाला सुरू होतो आणि त्याच्या बऱ्याच खालच्या तापमानाला संपतो. साध्या कमी कार्बनच्या पोलादात दोन्ही तापमाने खोलीच्या तापमानाच्या वर असतात, त्यामुळे पाण्यात किंवा तेलात बुडवल्यावर काम पूर्ण होते. डी-२ सारख्या पोलादात मात्र कार्बन आणि मिश्रधातूंचे प्रमाण इतके असते, की बदल संपण्याचे तापमान शून्याच्याही बरेच खाली जाते. परिणामी भट्टीतून काढून खोलीच्या तापमानापर्यंत आणलेल्या डायमध्ये दहा-पंधरा टक्के ऑस्टेनाइट न बदलताच शिल्लक राहतो. हार्डनिंगचे तापमान गरजेपेक्षा जास्त ठेवले, तर अधिक कार्बन आणि क्रोमियम ऑस्टेनाइटमध्ये विरघळतात आणि ही शिल्लक कितीतरी पटींनी वाढते.

हा शिल्लक ऑस्टेनाइट मऊ असतो आणि अस्थिरही असतो. प्रेसवर ठोके बसताना किंवा नुसते महिनोन्‌महिने पडून राहिल्यावरही त्याचा काही भाग मार्टेन्साइटमध्ये बदलतो. या बदलात आकारमान सुमारे चार टक्क्यांनी वाढते. लांबीच्या हिशेबात हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास भरते. म्हणजे १०० मिलिमीटरच्या डायमध्ये दहा टक्के ऑस्टेनाइट बदलला, तर ती डाय ढोबळमानाने ०.१ मिलिमीटरपेक्षा थोडी अधिक फुगते. दोन मिलिमीटर पत्र्यासाठी पंच आणि डाय यांच्यातील फट प्रत्येक बाजूला साधारण ०.१२ मिलिमीटर ठेवली जाते हे लक्षात घेतले, तर ही वाढ किती महत्त्वाची आहे हे वेगळे सांगायला नको. ही वाढ काम सुरू होण्यापूर्वीच, आपल्या देखरेखीखाली घडवून आणणे हा थंड करण्याचा पहिला हेतू होय.

तेवढ्यासाठी उणे ८० अंश बहुतांशी पुरतात. घनरूप कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ड्राय आइस, उणे ७८.५ अंशांना वायुरूप होतो, आणि गेज, मोजमापाची साधने किंवा बेअरिंगचे भाग स्थिर करण्यासाठी तेवढी थंडी वर्षानुवर्षे वापरली जात आहे. मग उणे १९६ पर्यंत जाण्याचे कारण काय? अमेरिकेतील लुइझियाना टेक विद्यापीठाचे रँडल बॅरन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत अनेक धातूंची या दोन्ही तापमानांना तुलना केली होती. टूल स्टीलमध्ये द्रव नायट्रोजनच्या तापमानाचा फायदा अधिक दिसला, तर साध्या कार्बन पोलादात आणि बिडात फारसा फरक पडला नाही. पुढे १९९४ मध्ये जपानमधील संशोधनात १२ टक्के क्रोमियमच्या टूल स्टीलमध्ये कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातूच्या कठीण संयुगाचे, अतिशय बारीक कण पसरलेले आढळले आणि झीज कमी होण्याचे श्रेय त्यांना दिले गेले. अतिथंड अवस्थेत मार्टेन्साइटची जाळी आकसते, कार्बनचे अणू जवळच्या दोषांकडे सरकतात, आणि नंतरच्या टेम्परिंगमध्ये त्या जागी कार्बाइडचे कण जन्म घेतात, असे त्याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. त्याच्या तपशिलांवर संशोधकांत अजून मतभेद आहेत. मात्र या कामाला तापमानाइतकाच वेळही लागतो, हे प्रत्यक्ष कामासाठी पुरेसे मार्गदर्शक आहे. ऑस्टेनाइटचा बदल तापमान खाली गेले की जवळजवळ लगेच होतो. कार्बाइडची पूर्वतयारी तासांवर अवलंबून असते. पश्चिम बंगालमधील शिबपूरच्या अभियांत्रिकी विद्यापीठात डी-२ वर झालेल्या अभ्यासात ३६ तासांपर्यंत झीज-प्रतिकार वाढत गेला आणि त्यापुढे वाढवलेल्या वेळेचा लाभ झाला नाही. २४ ते ३६ तास हा जो आकडा सगळीकडे सांगितला जातो, त्याला असा आधार आहे.

कोणता भाग द्यावा, कोणता देऊ नये

डी-२, डी-३, एम-२ सारखे हायस्पीड स्टील, ओएचएनएस (तेलात कठीण होणारे टूल स्टील) आणि ईएन-३१ (बेअरिंगचे पोलाद) ही पोलादे या प्रक्रियेसाठी विचारात घ्यावीत. त्यांतही ज्या हत्याराची अडचण झिजण्याची आहे, तेच निवडावे. ब्लँकिंग आणि पिअर्सिंगचे पंच, पत्रा कापण्याच्या पट्ट्या, फॉर्मिंग रोल आणि थ्रेड रोलिंगच्या डाय यांत फायदा दिसण्याची शक्यता चांगली असते. हत्याराची कड झिजत नसून तुकडे उडत असतील, तर आधी कोपऱ्याची त्रिज्या, प्रेसची सरळता, पंच-डायमधील फट आणि टेम्परिंगचे तापमान तपासावे. तिथे थंडी हा उपाय नाही, उलट शिल्लक मऊ ऑस्टेनाइट काढून घेतल्यामुळे तुकडे उडण्याचे प्रमाण वाढूही शकते.

माइल्ड स्टील, ईएन-८ आणि बीड यांवर पैसे खर्च करू नयेत. कार्बुरायझिंग केलेल्या, म्हणजे वरच्या थरात कार्बन मुरवलेल्या गिअरच्या बाबतीत मात्र घाईने हो किंवा नाही म्हणू नये. त्यांच्या वरच्या थरात काही प्रमाणात ऑस्टेनाइट ठेवणे हा कित्येकदा रचनाकाराचा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय असतो, कारण दातांवरचा दाब वाटून घेण्यास तो मदत करतो. आरेखनावर परवानगी नसताना असा गिअर अतिशीत करणे योग्य नव्हे.

हार्डनिंग, आणि त्यानंतरचा महत्त्वाचा एक तास

डायचे मशिनिंग करताना प्रत्येक बाजूला ०.२ ते ०.३ मिलिमीटर ग्राइंडिंगसाठी शिल्लक ठेवावे. भोके आणि खाचा यांचे आतले कोपरे शक्य तेथे गोल करावेत, कडा मोडून घ्याव्यात आणि नंबर कोरायचा असेल तर तो कामाच्या कडेपासून दूर कोरावा, कारण धारदार खुणेपासून तडा सुरू होतो. वायरकटने (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने) कापायची डाय असेल, तर संपूर्ण ठोकळ्याचे हार्डनिंग, शीतन (म्हणजे हीच अतिशीत प्रक्रिया) आणि टेम्परिंग आधी पूर्ण करून मगच आकार कापावा. वायरकटची सुरुवातीची भोके अर्थातच मऊ अवस्थेत पाडून ठेवावी लागतात.

डी-२ साठी भट्टी टप्प्याटप्प्याने तापवावी. सुमारे ६५० आणि ८५० अंशांना थांबून पूर्ण जाडी एकसारखी तापू द्यावी आणि नंतर १०१० ते १०३० अंशांना धरावे. शीतन करायचेच आहे, तर कठीणपणासाठी तापमान आणखी वाढवायला हरकत नाही, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. जास्त तापमानाने दाणे मोठे होतात, आणि ते नुकसान नंतरच्या कोणत्याही पायरीत भरून निघत नाही. व्हॅक्यूम भट्टीत नायट्रोजन वायूच्या दाबाखाली थंड करणे सर्वांत सोयीचे, कारण कार्बन उडून वरचा थर मऊ होण्याचा धोका त्यात राहत नाही. साध्या भट्टीत हे काम करायचे असेल, तर जॉब, म्हणजे प्रक्रियेचा भाग, वेष्टनात गुंडाळणे किंवा संरक्षक वातावरण देणे आवश्यक आहे.

जॉब हाताला सोसवेल इतका, म्हणजे ५० ते ६० अंशांपर्यंत आला, की पुढील पायरीचे घड्याळ सुरू होते. शिल्लक ऑस्टेनाइट खोलीच्या तापमानाला पडून राहिला, तर तो हळूहळू स्थिर होत जातो आणि नंतर तितक्याच थंडीत कमी बदलतो. म्हणून साध्या आकाराच्या पंचाला साधारण तासाभरात शीतन पेटीत पाठवावे. खोल खाचा, पातळ भिंती किंवा जाडीत एकदम बदल असलेल्या डायसाठी मात्र मी वेगळा मार्ग धरतो: १५० अंशांना एक-दोन तासांचे हलके टेम्परिंग करून ताण थोडा उतरवतो आणि मगच थंड करतो. या हलक्या टेम्परिंगमुळे काही ऑस्टेनाइट स्थिर होतो आणि शीतनाचा परिणाम थोडा घटतो, हे मान्य आहे. तरीही पंधरा दिवस मशिनिंग केलेली डाय तडकण्यापेक्षा ते नुकसान पत्करणे मला नेहमीच योग्य वाटले आहे. जी पूर्ण टेम्परिंग झाल्यावर आठवड्याने शीतनासाठी येतात, त्या हत्यारांना लाभ कमी होतो, हे ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगावे.

थंड करण्याची गती

द्रव नायट्रोजन भरलेल्या भांड्यात जॉब सरळ बुडवणे हा दिसायला सर्वांत सोपा मार्ग आहे आणि डी-२ साठी तो टाळावा. बुडवल्याबरोबर जॉबभोवती वायूची पातळ चादर तयार होते आणि थंड होण्याचा वेग काही काळ मर्यादित राहतो. पृष्ठभाग पुरेसा गार झाला की ती चादर फाटते, द्रव थेट धातूला भिडतो आणि पृष्ठभाग झपाट्याने गारठतो, तर गाभा अजून मागेच असतो. बाहेरचा थर आकसतो, त्याच वेळी मार्टेन्साइट होऊन फुगतोही, आणि टेम्परिंग न झालेल्या पोलादाला हा ताण सहन होईलच याची खात्री देता येत नाही.

यासाठी वायुरूप नायट्रोजनवर चालणारी नियंत्रित पेटी वापरावी. या पेटीत द्रव नायट्रोजन सोलेनॉइड व्हॉल्व्हमधून फवारला जातो, पंखा तो वायू सर्वत्र फिरवतो आणि नियंत्रक ठरलेल्या गतीने तापमान खाली आणतो. तापमान मोजण्यासाठी टी प्रकारचा थर्मोकपल किंवा पीटी-१०० हा संवेदक उणे २०० अंशांपर्यंत चांगला चालतो. एक संवेदक पेटीच्या हवेत आणि दुसरा जॉबच्या ढिगाच्या मध्यभागी, शक्य असल्यास सर्वांत जाड जॉबच्या भोकात ठेवावा. भिजण्याचा, म्हणजे सोकिंगचा वेळ हवेच्या नव्हे, तर या दुसऱ्या संवेदकाच्या तापमानावरून मोजायचा असतो. ही एक गोष्ट पाळली नाही, तर कागदावर २४ तास आणि प्रत्यक्षात वीस तास असा प्रकार होतो.

जॉब पेटीत ठेवण्यापूर्वी तेल, ग्रीस आणि पाण्याचा अंश पूर्णपणे काढावा. जॉब एकमेकांना चिकटून न ठेवता जाळीवर, वायू फिरेल इतके अंतर ठेवून मांडावेत. जाळी, कप्पे आणि टांगण्याचे हूक ३०४ स्टेनलेस स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे असावेत, कारण साधे कार्बन पोलाद या तापमानाला काचेसारखे ठिसूळ होते आणि हलक्या धक्क्यानेही मोडू शकते. जुन्या माइल्ड स्टीलच्या साखळीला जॉब टांगून पेटीत सोडणे हा धोका पत्करण्यासारखा नाही.

तापमान मिनिटाला एक अंशाच्या आसपास खाली आणावे. खोलीच्या २७ अंशांपासून उणे १८५ पर्यंत हे अंतर २१२ अंशांचे आहे, म्हणजे नुसते खाली जायलाच साडेतीन तास लागतात. जॉब ५० मिलिमीटरपेक्षा जाड असेल, तर गती निम्मी करावी आणि उणे ८० अंशांच्या जवळ तासभर थांबून गाभा पृष्ठभागाला गाठेल याची वाट पाहावी. वायूच्या पेटीत बहुधा उणे १८५ ते १९० अंशांपर्यंतच नेले जाते. तेवढे पुरते, उणे १९६ हा आकडा गाठण्यासाठी शेवटी द्रव ओतण्याची गरज नाही. मध्यभागातील संवेदकाने ठरलेले तापमान दाखवल्यानंतर २४ तास, आणि लांब चालणाऱ्या ब्लँकिंग डायसाठी ३६ तास धरावे.

नायट्रोजन किती लागेल याचा अंदाज आधी बांधता येतो. एक किलो पोलाद खोलीच्या तापमानापासून द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत आणण्यासाठी सुमारे ८० किलोज्यूल उष्णता काढावी लागते आणि एक किलो द्रव नायट्रोजन उकळताना १९९ किलोज्यूल शोषून घेतो. त्याची घनता लिटरला सुमारे ०.८ किलो धरली, तर किलोमागे साधारण अर्धा लिटर असा हिशेब येतो. वायू तापताना घेतो ती उष्णताही कामी आली, तर हा आकडा कमी होतो. पण पेटीच्या भिंती, जाळ्या आणि दिवसभराची गळती यांसाठी बराच जास्तीचा नायट्रोजन लागतो, आणि लहान लोडमध्ये तर हीच गळती मुख्य खर्च ठरते. म्हणून चार पंचांसाठी पेटी चालवण्यापेक्षा लोड भरेपर्यंत नियोजन करावे. परंतु त्यासाठी हार्डनिंग झालेले जॉब अडवून ठेवू नयेत, हार्डनिंगचीच तारीख पुढे ढकलावी.

वर येणे आणि टेम्परिंग

सोकिंग संपल्यावर पुरवठा बंद करून जॉब बंद पेटीतच सावकाश वर येऊ द्यावेत. याला आठ-दहा तास लागले तरी घाई करू नये. गरम पाण्याची फवारणी, हीट गन किंवा उन्हात ठेवणे हे सर्व वर्ज्य समजावे. पेटी लवकर उघडली, तर हवेतील दमटपणा जॉबवर बर्फ होऊन बसतो, तो वितळला की बारीक खाचांत पाणी साचते आणि पावसाळ्यात तर काही तासांत गंज दिसू लागतो. जॉब खोलीच्या तापमानाला आल्यावर कोरड्या कापडाने पुसून थेट टेम्परिंगच्या भट्टीत न्यावेत.

या ठिकाणी दिरंगाई करता येत नाही. शीतनात तयार झालेला नवा मार्टेन्साइट कच्चा, ताणाखालचा आणि अत्यंत ठिसूळ असतो. आमच्या हातून एकदा शनिवारी दुपारी वर आलेली एक डाय सोमवारच्या टेम्परिंगसाठी टेबलावर राहिली. सोमवारी सकाळी तिच्या एका कोपऱ्यातून बोल्टच्या भोकापर्यंत आरपार तडा गेलेला होता. कोणी तिला हातही लावला नव्हता. तेव्हापासून आम्ही शीतनाची वेळ मागून पुढे मोजत नाही, टेम्परिंगच्या भट्टीची वेळ आधी ठरवून तिथून उलट मोजतो. त्यामुळे हार्डनिंग बहुधा आठवड्याच्या पहिल्या दिवसांतच येते.

डी-२ चे टेम्परिंग दोन प्रकारे करता येते. १८० ते २०० अंशांना केल्यास कठीणपणा रॉकवेल सी मापात ६० ते ६२ च्या आसपास राहतो, आणि साध्या ब्लँकिंगसाठी हे चांगले आहे. ५०० अंशांच्या पुढे केल्यास कठीणपणा दोन-तीन अंकांनी कमी येतो, पण डाय गरम झाल्यावरही टिकते. प्रत्येक २५ मिलिमीटर जाडीला एक तास, आणि कमीत कमी दोन तास हा नियम पाळावा, मध्ये जॉब पूर्ण गार होऊ द्यावा आणि टेम्परिंग दोनदा करावे. पंचावर नंतर टायटॅनियम नायट्राइडसारखे पीव्हीडी लेपन (निर्वातात बाष्पातून बसवलेला पातळ कठीण थर) करायचे असेल, तर यांतला दुसरा, ५०० अंशांच्या पुढचा मार्गच घ्यावा, कारण लेपनाच्या वेळी तापमान ४५० अंशांपर्यंत जाऊ शकते आणि २०० अंशांना टेम्पर केलेले हत्यार तिथे मऊ पडते. शीतन नेहमी लेपनाच्या आधी.

हायस्पीड स्टीलसाठीही क्रम हाच आहे. फक्त टेम्परिंग ५५० अंशांच्या आसपास आणि अनेकदा करावे लागते, आणि त्या टेम्परिंगमध्येच शिल्लक ऑस्टेनाइटचा मोठा भाग बदलून जात असल्याने तिथे शीतनाचा फायदा मुख्यतः बारीक कार्बाइडपुरता उरतो. बाजारातून तयार आणलेल्या ड्रिल आणि टॅपवरही प्रक्रिया करता येते, पण त्यानंतर हलके टेम्परिंग टाळू नये आणि मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत.

अंतिम ग्राइंडिंग टेम्परिंगनंतर करावे. चाक स्वच्छ ड्रेस केलेले असावे, काप हलका आणि कूलंट भरपूर असावे. ग्राइंडिंगमध्ये पृष्ठभाग जळला, तर तीन दिवसांची मेहनत शेवटच्या दहा मिनिटांत वाया जाते.

नायट्रोजनपासून जपणे

द्रव नायट्रोजनमुळे त्वचा भाजते हे सर्वांना माहीत असते. त्याहून मोठा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नाही. एक लिटर द्रवापासून सुमारे ७०० लिटर वायू तयार होतो. २० फूट लांब, १५ फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीत ८५ घनमीटर हवा असते. तिथे ५० लिटर द्रव उकळून गेला, तर ३५ घनमीटर वायू भरतो आणि खिडक्या बंद असल्यास ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास घसरतो. गुदमरल्याची जाणीव आपल्याला साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते, ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नव्हे. त्यामुळे नायट्रोजनने भरलेल्या खोलीत माणसाला काहीही त्रास न जाणवता तो खाली कोसळतो, आणि त्याला उचलायला धावलेला दुसराही तिथेच पडतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेल्यास वाजणारा मापक खोलीत असलाच पाहिजे, पेटीचा बाहेर पडणारा वायू नळीने इमारतीबाहेर सोडला पाहिजे, आणि गजर वाजल्यावर कोणी आत पडलेले दिसले तरी श्वसनयंत्राशिवाय आत जायचे नाही, हे प्रत्येक कामगाराला आधी समजावून सांगितले पाहिजे. पेटी तळघरात किंवा खड्ड्यात बसवू नये, कारण थंड वायू जड असतो आणि खाली साचतो. नायट्रोजनचे भांडे लिफ्टने न्यायचे झाल्यास त्याच्यासोबत कोणीही लिफ्टमध्ये थांबू नये.

हातमोजे अतिशीत कामासाठीचेच आणि सैल असावेत, म्हणजे आत द्रव गेला तर झटकून काढता येतात. तोंडावर पूर्ण मुखवटा, पँट बुटांच्या बाहेर, बोटात अंगठी नाही आणि मनगटात घड्याळ नाही. पोकळ नळी द्रवात बुडवून पातळी मोजू नये, कारण वरच्या तोंडातून द्रवाचे कारंजे उडते. भरीव पट्टी वापरावी. द्रव कधीही घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवू नये, आणि ज्या पाइपच्या दोन व्हॉल्व्हमध्ये द्रव अडकू शकतो तेथे दाब सोडणारा व्हॉल्व्ह हवाच. ऑक्सिजन उणे १८३ अंशांना द्रवरूप होतो, त्यामुळे उघड्या, अतिथंड पाइपवर हवेतील ऑक्सिजन थेंबाथेंबाने जमू शकतो. अशा पाइपखाली तेलकट चिंध्या किंवा लाकडाचा भुसा नसावा. त्वचेला थंडी बाधली, तर तो भाग न चोळता सुमारे ४० अंशांच्या कोमट पाण्यात धरावा आणि डॉक्टरांकडे जावे.

फायदा झाला की नाही, हे कसे कळेल

शीतनानंतर कठीणपणा मोजला जातो आणि तो एक-दोन अंकांनीच वाढलेला दिसतो, कधी अजिबात वाढलेला दिसत नाही, आणि ग्राहक निराश होतो. रॉकवेलचा ठसा बारीक कार्बाइडचा परिणाम दाखवू शकत नाही, म्हणून केवळ त्यावरून निकाल देऊ नये. शिल्लक ऑस्टेनाइट क्ष-किरण विवर्तनाने मोजता येतो आणि त्यासाठी एएसटीएम ई-९७५ ही प्रमाणित पद्धत आहे. पहिल्या एक-दोन लोडबरोबर त्याच सळईचे छोटे तुकडे ठेवून, शीतनासह आणि शीतनाविना अशी ही चाचणी करून घेतली, तर आपल्या भट्टीबद्दलही बरेच काही समजते.

खरा निवाडा प्रेसवर होतो. एकाच सळईतून दोन पंच करावेत, दोघांचे हार्डनिंग एकाच लोडमध्ये करावे, एकाला शीतन द्यावे, दुसऱ्याला देऊ नये आणि टेम्परिंग पुन्हा सारखेच करावे. दोन्ही पंच त्याच प्रेसवर, त्याच पत्र्यावर आणि तेवढ्याच फटीने चालवावेत. कापलेल्या भागावरील बर, म्हणजे कडेचा काटा, ठरावीक उंचीचा झाला की पंच काढून धार लावायची आणि तोवरचे ठोके नोंदवायचे. बर किती चालेल याचा आकडा चाचणीपूर्वी लिहून ठेवावा, नाहीतर आवडता पंच नकळत जास्त वेळ चालवला जातो. एका धारेवरून निष्कर्ष काढू नये. किमान तीन-चार धारा होऊ द्याव्यात, कारण पहिल्या धारेवर ग्राइंडिंगचा परिणाम मोठा असतो. दर वेळी धार परत आणण्यासाठी किती मिलिमीटर काढावे लागले, हेही लिहावे. कित्येकदा ठोक्यांच्या संख्येत फरक थोडाच असतो, पण प्रत्येक धारेला निम्मेच पोलाद काढावे लागते आणि पंचाचे एकूण आयुष्य त्यामुळेच वाढते.

काम बाहेर करून घेत असाल, तर देणाऱ्याकडून फक्त प्रमाणपत्र न घेता त्या लोडचा तापमान-वेळेचा आलेख मागावा. त्यात खाली येण्याची रेषा किती तिरपी आहे, सोकिंग जॉबच्या संवेदकावरून मोजले आहे की पेटीच्या हवेवरून, वर येताना रेषा एकदम उभी तर नाही ना, आणि शीतन संपल्यापासून टेम्परिंग सुरू होईपर्यंत किती तास गेले, या चार गोष्टी पाहाव्यात. आलेख देण्यास टाळाटाळ होत असेल, तर त्या ठिकाणी डाय पाठवू नये.